शेताचा अंदाज, कारखान्याचे माप

आयटीआयला जाणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

दहावीचा निकाल लागला, की गावोगावच्या घरांत एकच विषय सुरू होतो. पोराला पुढे कशाला घालायचे? जमीन भावाभावांत वाटली जाऊन दोन-तीन एकरांवर आलेली असते. विहिरीचे पाणी कसेबसे संक्रांतीपर्यंत पुरते. मग पाहुण्यांपैकी कोणीतरी सुचवते, "आयटीआयला घाला. फिटर होईल, टर्नर होईल, कुठेतरी कंपनीत चिकटेल." अर्ज भरला जातो, नंबर लागतो, मुलगा तालुक्याला खोली करून राहू लागतो. वडील दर महिन्याला पैसे पाठवतात, आई एसटीने भाकरीचा डबा पाठवते.

एवढे सगळे होते. पण या शिक्षणाचा पाया कशात आहे, हे त्या घराला कोणी सांगत नाही. तो पाया हातोड्यात नाही, कानशीत नाही आणि मोठ्या यंत्रातही नाही. तो मापात आहे. ज्याला माप घेता येते, घेतलेले माप वाचता येते आणि वाचलेले माप खरे लिहिता येते, त्याला कारखान्यात जागा आहे. कामाला घेताना पुष्कळ ठिकाणी उमेदवाराच्या हातात एक लोखंडी तुकडा आणि एक व्हर्निअर कॅलिपर देतात आणि एवढेच म्हणतात, "याची जाडी सांग." दोन वर्षांच्या शिक्षणाची पारख त्या दोन मिनिटांत होते. म्हणून आज या विषयाची थोडी सविस्तर ओळख करून घेऊ.

आपला अंदाज काही कमी नाही

मोजणे शेतकऱ्याच्या मुलाला नवे नाही. वीत, हात, मूठ, पाऊल ही मापे तो आईच्या कडेवर असल्यापासून ऐकतो. पाभरीच्या फणांतले अंतर, चाड्यावर धरलेली मूठ, वाफ्याला दिलेला उतार यांत चूक झाली तर पीक ते लगेच दाखवते. घरातली बाई डोळ्यांनी पीठ बघून किती भाकरी होतील ते सांगते, आणि सहसा तेवढ्याच होतात.

आपल्या लोहार-सुतारांचे कसब तर याहून पुढचे होते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवताना लोहार चाकाचा घेर मोजून धाव मुद्दाम किंचित लहान करी. मग ती भट्टीत तापवून लाल करायची, तापल्याने वाढली की चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. थंड होताना धाव आवळली जाई आणि चाकाचे सारे सांधे घट्ट बसत. किती लहान ठेवायची, हे लोहार अनुभवाने जाणत असे. फार लहान झाली तर चढणार नाही, मोठी झाली तर उन्हाळ्यात वाटेतच निघून पडेल. रेल्वेच्या चाकांवर पोलादी टायर चढवण्याची रीतही हीच होती. कारखान्यात याला श्रिंक फिट म्हणतात.

मग फरक कुठे पडतो? आपल्या लोहाराची धाव त्याच एका चाकासाठी असे. चाक समोर ठेवून तो माप घेई. कारखान्यात तसे होत नाही. दांडा एका गावात तयार होतो, बेअरिंग दुसऱ्या राज्यात आणि पंप तिसऱ्याच ठिकाणी जोडला जातो. हे तिन्ही कामगार एकमेकांना कधी भेटत नाहीत. तरीही वस्तू एकत्र आल्या की त्या न ठोकता, न घासता बसल्या पाहिजेत. त्या कामगारांना जोडणारा धागा म्हणजे माप.

मराठी मुलखात या विचाराची वाट जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांचे ड्रॉइंग शिकवीत असत. पुढे १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घडवले. यंत्र आधी कागदावर मापासह उतरवायचे आणि मग लोखंडात, ही शिस्त त्या माळावर खेड्यातून आलेल्या हातांनीच शिकून घेतली.

सूत, इंच आणि मिलिमीटर

आपल्याकडे पूर्वी दर मुलखाचा शेर वेगळा आणि पायली वेगळी होती. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून किलो-मीटरची दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि बाजारातला तो गोंधळ संपला. वर्कशॉपमध्ये मात्र जुनी भाषा अजून जिवंत आहे. वेल्डर म्हणतो, "चार सुताचा बार आण." मुलगा शाळेत सेंटीमीटर शिकलेला असतो, तो गोंधळतो. म्हणून हे पाठच करून ठेवावे:

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. एका इंचाचे आठ सूत. म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर, ढोबळ मानाने तीन मिलिमीटरहून थोडे जास्त. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. इंजिनाची कामे करणारे आणखी एक शब्द वापरतात, "थाऊ". तो इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर.

आपल्या घरातल्या वस्तूंवरही मापे लिहिलेली असतात. आपण त्यांना नुसते नंबर समजतो. १२-१३ चा पाना म्हणजे एका तोंडाची रुंदी १२ मिलिमीटर आणि दुसऱ्याची १३. पीव्हीसी पाइपावरचे ६३, ७५, ९० हे आकडे पाइपाच्या बाहेरच्या व्यासाचे, मिलिमीटरमधले. याउलट 'दोन इंची' जी.आय. पाइप हे आतल्या पोकळीवरून पडलेले नाव आहे. तो बाहेरून मोजला तर साठ मिलिमीटरच्या आसपास भरतो. ६३ च्या पीव्हीसीला दोन इंची समजून जोड आणायला गेलेला माणूस रिकामा परत का येतो, ते यावरून लक्षात येईल.

मिलिमीटरचे शंभर भाग कशाला?

"एवढे बारीक मोजून करायचे काय?" असा प्रश्न घरातले वडीलधारे विचारतात, आणि तो रास्त आहे. उत्तर आपल्या विहिरीवरच सापडेल.

पंपाच्या मोटारीत ६२०५ नंबरचे बेअरिंग असते असे समजा. या नंबरातले शेवटचे दोन आकडे, ०५, यांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो: २५ मिलिमीटर. तसेच ६२०४ चे भोक २० मिलिमीटरचे. आता २५ मिलिमीटरच्या भोकात बसणारा दांडा किती जाडीचा हवा? अगदी २५ चा? तसा हुबेहूब दांडा कोणालाच करता येत नाही. नेहमीच्या एका नियमाप्रमाणे तो २५.००२ ते २५.०१५ मिलिमीटर यांच्या दरम्यान ठेवतात, म्हणजे बेअरिंग दांड्यावर घट्ट बसते. दांडा झिजून २४.९५ चा झाला तर बेअरिंग त्यावर सरकू लागते, तापते, आवाज करते. मग नवे बेअरिंग आणले तरी चार आठवड्यांत पुन्हा तीच तक्रार. बिचारे बेअरिंग बदनाम होते. दोष दांड्याच्या पाच शतांश मिलिमीटरांत असतो. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, नखाला लागत नाही. तो फक्त साधनाला कळतो.

व्हर्निअर कसा वाचायचा

इथे दोन साधने महत्त्वाची. पहिला व्हर्निअर कॅलिपर. फ्रान्समधल्या पिएर व्हर्निए यांनी १६३१ साली ही युक्ती प्रसिद्ध केली आणि त्यांचेच नाव तिला मिळाले.

युक्ती शेतातल्या उदाहरणाने समजते. दोन सऱ्या शेजारी-शेजारी आहेत. एकीत रोपे ठरावीक अंतरावर लावली, दुसरीत त्याहून किंचित कमी अंतरावर. बांधावरून चालत गेलात तर रोपे पुढे-मागे दिसतील. पण एका जागी दोन्ही सऱ्यांतली रोपे बरोबर समोरासमोर येतील. व्हर्निअरमध्ये तेच आहे. मुख्य पट्टीवर एकेक मिलिमीटरच्या रेघा असतात. सरकत्या पट्टीवर ४९ मिलिमीटरच्या लांबीचे ५० सारखे भाग केलेले असतात. म्हणून प्रत्येक भाग ०.९८ मिलिमीटरचा, आणि दोन्ही पट्ट्यांच्या भागांत फरक ०.०२ मिलिमीटरचा.

वाचायचे असे: सरकत्या पट्टीचा शून्य मुख्य पट्टीवर कोणत्या रेघेच्या पुढे आहे ते आधी पाहा. समजा २४ च्या पुढे आहे. मग सरकत्या पट्टीवरची कितवी रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते शोधा. समजा अठरावी जुळली. अठरा गुणिले ०.०२ म्हणजे ०.३६. माप झाले २४.३६ मिलिमीटर. बस्स, एवढेच! याच साधनाच्या वरच्या लहान जबड्यांनी भोक मोजतात आणि मागून निघणाऱ्या बारीक पट्टीने खोली मोजतात.

मायक्रोमीटर

दुसरे साधन मायक्रोमीटर. धनुष्याच्या आकाराची चौकट आणि तिच्यात फिरणारा स्क्रू. फ्रान्सच्याच पामर यांनी १८४८ साली याचे पेटंट घेतले. याचे तत्त्व नट-बोल्टचे आहे. स्क्रू एक पूर्ण फेरा फिरला की तो अर्धा मिलिमीटर पुढे सरकतो. फिरणाऱ्या नळीच्या कडेवर ५० भाग आखलेले असतात. म्हणून एक भाग म्हणजे ०.०१ मिलिमीटर.

स्थिर नळीवर ७ मिलिमीटरची रेघ दिसते आहे, तिच्या पुढची अर्ध्याची रेघही उघडी पडली आहे आणि फिरत्या नळीवर २२ वा भाग जुळला आहे, तर माप ७ अधिक ०.५ अधिक ०.२२, म्हणजे ७.७२ मिलिमीटर. नवशिकी मुले इथे हमखास अर्ध्याची रेघ विसरतात आणि ७.२२ सांगतात. कारखान्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे डोंगराएवढी चूक! टोकाला असलेली लहान मूठ, जिला रॅचेट म्हणतात, तीच फिरवून माप घ्यावे. ती ठरावीक दाबानंतर टकटक करून सुटते, त्यामुळे आवळून माप कमी येण्याचा धोका राहत नाही.

आता आकडे थेट दाखवणारे डिजिटल कॅलिपरही सर्रास मिळतात. ते सोयीचे आहेत. पण बटण चुकून इंचावर गेले असेल किंवा जबडे मिटल्यावर पडद्यावर शून्य येत नसेल, तर ज्याला साधा व्हर्निअर वाचता येतो त्यालाच ते लगेच कळते. म्हणून आधी रेघा शिकाव्यात, मग आकडे.

सूट आणि चाळणी

कारखान्याच्या ड्रॉइंगवर प्रत्येक मापाशेजारी लहान अक्षरांत दोन आकडे असतात. त्यांना टॉलरन्स म्हणतात. आपण 'सूट' म्हणू. माप एवढ्यापर्यंत जास्त चालेल, एवढ्यापर्यंत कमी चालेल, त्यापलीकडे नाही. सूट म्हणजे ढिलाई नव्हे. विनाकारण फार बारीक माप मागितले तर वस्तू महाग होते आणि फार मोकळे ठेवले तर यंत्र खडखडते. या दोन्हींच्या मधला विचार म्हणजे सूट.

हजारो नग तपासायचे असतील तर प्रत्येक वेळी माप वाचत बसत नाहीत. 'गो' आणि 'नो-गो' अशी दोन टोके असलेले गेज वापरतात. भोकात 'गो' टोक गेले पाहिजे आणि 'नो-गो' टोक जाता कामा नये. आपल्या घरातली धान्याची चाळणी हेच करते. एका चाळणीतून दाणा खाली पडला पाहिजे, दुसरीवर तो राहिला पाहिजे. ज्या आईने आयुष्यभर दोन चाळण्यांनी ज्वारी निवडली, तिला हे गेज समजावून सांगायला पाच मिनिटेही लागणार नाहीत.

हाताची शिस्त

साधन चांगले असून भागत नाही. हाताला वळण हवे. काही गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळाव्यात.

वस्तू आणि साधनाचे जबडे स्वच्छ पुसावेत. एक केसही मिलिमीटरच्या पाच-दहा शतांशांएवढा जाड असतो. माप घेण्याआधी जबडे मिटवून शून्य जुळतो का ते पाहावे. जुळत नसेल तर तेवढी दुरुस्ती मापात करावी. रेघेकडे सरळ समोरून पाहावे, तिरके पाहिले की माप बदलते. गोल दांडा दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजावा, कारण झिजलेला दांडा लंबगोल झालेला असतो.

तापमानाचे भान ठेवावे. डेअरीवर दुधाची लॅक्टोमीटरने तपासणी करताना तापमानाप्रमाणे आकडा दुरुस्त करतात, हे दूध घालणाऱ्यांना ठाऊक आहे. लोखंडाचेही तसेच. कारखान्यातली लांबीची मापे २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा ४५ अंशांपर्यंत तापला तर सुमारे ०.०३ मिलिमीटरने वाढतो. वर सांगितलेल्या दांड्याची सगळी सूट ०.०१३ ची होती हे आठवा! म्हणून लेथवरून नुकताच उतरवलेला गरम नग लगेच मोजू नये; नग आणि साधन दोन्ही निवून सारख्या तापमानाला येऊ द्यावेत.

आणि एक. मोजायच्या साधनाने ठोकू नये, खरवडू नये, फिरत्या नगाला ते लावू नये. साधन पडले तर लपवून न ठेवता निदेशकांना सांगावे. कारखान्यातली साधने ठरावीक मुदतीने तपासली जातात. मायक्रोमीटर पोलादाच्या गेज ठोकळ्यांवर तपासतात. स्वीडनच्या योहानसन यांनी १८९६ साली शोधलेले हे ठोकळे इतके गुळगुळीत असतात की एकमेकांवर सरकवले की चिकटून बसतात. ते ठोकळे आणखी अचूक प्रयोगशाळेत तपासतात, आणि ही साखळी शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचते. तुमच्या मुलाच्या हातातली पट्टी अशी साऱ्या देशाच्या मापाशी बांधलेली असते.

घरी काय करता येईल?

आयटीआयचे दार उघडण्याची वाट पाहायला नको. पाचवी-सहावीतल्या मुलामुलींनाही हे करता येईल.

एक, पोलादी पट्टी घ्यावी, लाकडी वा प्लॅस्टिकची नको. रोज घरातल्या पाच वस्तू मोजाव्यात; पण आधी अंदाज सांगून वहीत लिहावा, मग मोजून समोर खरे माप लिहावे. महिनाभरात अंदाज मापाच्या जवळ येऊ लागतो.

दोन, दोऱ्याने पाइपाचा घेर मोजून त्याला ३.१४ ने भागावे आणि आलेला व्यास पाइपावर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहावा.

तीन, वहीची शंभर पाने एकत्र दाबून धरावीत, त्यांची जाडी पट्टीने मोजावी आणि शंभराने भागावे. पट्टीला एक मिलिमीटरच्या खाली वाचता येत नाही. तरी एका कागदाची जाडी मिळते! बुद्धी हेही एक साधन आहे, हे मुलाला यातून कळते.

चार, दशांश अपूर्णांक पक्के करून घ्यावेत. पुष्कळ मुलांना हात चांगला असूनही मापात अडते ते इथेच. ०.५ मोठे की ०.२२, या प्रश्नाला जो मुलगा 'बावीस मोठे' म्हणतो, त्याच्याकडून आधी शाळेतले गणित करून घ्यावे.

हे शिक्षण घरच्या पैशालाही राखते. ट्रॅक्टरचे इंजिन उघडले, की मेस्त्री सांगतो, "क्रँक दहा थाऊ घासावा लागेल." दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर. क्रँक किती झिजला आहे ते मायक्रोमीटर लावून दाखवा, असे नम्रपणे म्हणता आले पाहिजे. चांगला मेस्त्री आनंदाने दाखवतो.

मापात पाप नको

आयटीआयची योजना देशात १९५० साली सुरू झाली. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, वेल्डरचा एका वर्षाचा. त्यानंतर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. मुलींसाठी स्वतंत्र आयटीआय आहेत, आणि इतर आयटीआयमध्येही त्या फिटर-मशिनिस्टला जाऊ शकतात. मापाच्या कामाला दंडाची ताकद लागत नाही. लागते ती नजर, सबुरी आणि नेटकेपणा. तांदळातला खडा हेरणाऱ्या बोटांना ते अवघड नाही.

शेवटी एक गोष्ट आईवडिलांनीच शिकवायची आहे. ती कोणत्याही अभ्यासक्रमात पुरती शिकवता येत नाही. दिवसभर घासलेला नग संध्याकाळी मोजावा आणि तो सुटीच्या बाहेर दोन शतांशाने जावा, असे प्रसंग येतातच. तेव्हा वहीत खोटा आकडा लिहिण्याचा मोह होतो. कोणी पाहत नसते. पण तो नग पुढे कोणाच्या तरी ब्रेकमध्ये, कोणाच्या तरी गाडीच्या स्टिअरिंगमध्ये जाणार असतो. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, की मापात पाप करू नये. बाजारात पायली भरताना जे खरे, तेच मायक्रोमीटर वाचताना खरे. जो मुलगा स्वतःच्या हातून बिघडलेल्या नगाचेही खरे माप लिहितो, त्याच्या वहीवर वरिष्ठ डोळे झाकून विश्वास ठेवतात, आणि हळूहळू अवघड कामे त्याच्याच हाती येऊ लागतात.